गेलेल्या माणसाचं पोर्ट्रेट करायचंय? बार्बरा क्राफ्टसारखं करा

युरोपातला प्रसिद्ध संगीतकार मोझार्ट १७९१ ला गेला, आणि लाल कोटातलं त्याचं जे चित्र आपण सगळीकडे बघतो ते बार्बरा क्राफ्टनं केलं १८१९ मध्ये! बाई १७६४ च्या, चित्रकार बापाकडेच शिकल्या, व्हिएन्नात काम केलं, मग साल्झबर्गला आल्या. तिथं मोझार्टची बहीण नानर्ल राहायची, तिनं घरातली जुनी चित्रं दाखवली, त्यात १७८० च्या सुमाराचं एक फॅमिली पेंटिंग होतं, चेहऱ्याला मुख्य आधार तेच.

आपल्या सोलापुरात मिलमध्ये राबलेल्या आजोबांचे फोटो किती घरांत असतात, एक लग्नातला, एक गड्ड्याच्या जत्रेतला, एक आयकार्डवरचा. सगळे गोळा करा पण चेहऱ्यासाठी एकच मेन फोटो ठरवा, ज्यात डोळे आणि नाक-जबडा क्लिअर दिसतो तो, मग तो छोटा असला तरी चालेल. बाकीच्यांतून फक्त केस, फेटा, कपडे घ्या, कारण दोन फोटोंतला उजेड वेगळ्या बाजूचा असतो आणि नाक एकातलं, गाल दुसऱ्यातला घेतला की माणूस तिसराच होतो.

रंग लावायच्या आधी पेन्सिल स्केच आजीला किंवा आत्याला नक्की दाखवा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "कसं झालंय" विचारू नका, छानच म्हणतील. "ओठ असेच होते का, भुवया जाड होत्या का" असं एकेक विचारा, आणि खोडरबर हातातच ठेवा.