फ्लेक्स मशीन अडलं? हेडला हात लावण्याआधी वीज तपासा

गणेशोत्सवाआधीचा आठवडा, निवडणुका, रंगपंचमीची गेर (मिरवणूक). इंदुरात फ्लेक्स छापणाऱ्यांचं मशीन या दिवसांत रात्रीसुद्धा थंड होत नाही. नेमकं तेव्हाच छपाई मध्येच थांबते, एक रंग एकाएकी गायब होतो किंवा कॅरेज (हेड घेऊन आडवा सरकणारा भाग) धाडकन कडेला आदळतं. लगेच ऑपरेटर म्हणतो, "दादा, हेड गेलं." पुष्कळदा हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, शाबूत असतं आणि दुखणं केबलमध्ये, पॉवर सप्लायमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये असतं. घाईघाईने नवं हेड लावलं तर त्याच बिघडलेल्या केबलने तेही जळतं. म्हणून तपासणी भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करायची आणि सर्वांत महाग भागाला सर्वांत शेवटी हात लावायचा.

झाकण उघडण्याआधी

मशीन बंद करा, एमसीबी (शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडा, प्लग काढा. नुसतं पुढचं बटण बंद केल्याने आतली वीज जात नाही. पॉवर सप्लायच्या आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात. प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात, म्हणून दहा मिनिटं थांबा आणि पॉवर सप्लायची डबी स्वतः उघडू नका. अंगठी, हातातलं कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा. सॉल्व्हंट शाईची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, तेव्हा बाटल्या आणि वापरलेल्या चिंध्या लांब हलवा, खोली हवेशीर करा, कार्बन डायऑक्साइडचं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा.

पुढची काही मापं मशीन चालू ठेवूनच घ्यावी लागतात. चालू विजेवर काम करायची सवय नसेल तर तेवढं लायसनवाल्या वायरमनकडून करून घ्या.

आधी विचारा: कुठे आणि केव्हा?

मल्टिमीटर बाहेर काढण्यापूर्वी ऑपरेटरला शांतपणे विचारा की बिघाड नेमका कधी होतो. अर्ध्याहून जास्त तपास इथेच लागतो, असं माझं मत आहे.

कॅरेज बेडच्या एकाच जागी पोचलं की गडबड होत असेल, तर ड्रॅग चेनमधली (कॅरेजसोबत वाकत जाणाऱ्या साखळीतली) केबल आतून तुटत आलेली असते. त्याच जागी वाकून वाकून तिची तार झिजते. मशीन अर्धा-पाऊण तास बरं चालतं आणि मग अडतं, म्हणजे काहीतरी तापतंय: पॉवर सप्लायचा पंखा बंद असेल, बोर्डावर धूळ आणि शाईचा थर असेल. शेजारचा कंप्रेसर किंवा लॅमिनेशन मशीन चालू होताच फ्लेक्स मशीन रिसेट होत असेल, तर दोष सप्लायमध्ये शोधा. फक्त पावसाळ्यात, सकाळी पहिल्यांदा चालू करताना आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) पडत असेल, तर कुठेतरी ओल शिरली आहे. आणि एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी संगणकाशी संपर्क तुटत असेल, शाईचे बारीक शिंतोडे उडत असतील, तर स्टॅटिक (घर्षणाने साठणारी वीज) आणि अर्थिंगचा संशय घ्या.

दुसरा प्रश्न शाईचा. नोझल चेक (प्रत्येक रंगाच्या रेषांचा चाचणी-छाप) काढा. रेषा इथे-तिथे तुटल्या आहेत आणि क्लीनिंगनंतर काही परत येतात, तर हे हेडची छिद्रं शाईने चोक झाल्याचं लक्षण. वीज सोडून कॅप (हेडचं तोंड झाकणारं झाकण), डँपर (हेडआधीची शाईची छोटी डबी) आणि शाईच्या नळीकडे जा. एक अख्खा रंग एका झटक्यात गेला, कितीही क्लीनिंग केलं तरी फरक नाही, किंवा मागितलेला नसताना एखाद्या रंगाचा सलग पट्टा पडतोय, तर मामला विजेचा आहे. सलग पट्टा दिसताच मशीन तिथल्या तिथे बंद करा.

सॉकेट, न्यूट्रल आणि माळव्याची माती

मल्टिमीटर एसीवर ठेवून तीन मापं घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा कमी. मग हीटर (शाई वाळावी म्हणून फ्लेक्स तापवणारे) चालू करून हीच मापं पुन्हा घ्या. रिकामं मशीन सगळीकडे चांगलंच दिसतं. हीटरचा भार पडल्यावर व्होल्टेज दहा-पंधराने खाली आलं, तर सैल स्क्रू, करपलेलं सॉकेट किंवा लांबलचक बारीक एक्स्टेंशन शोधा. प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का तेही बघा.

सांवेर रोड, पोलोग्राउंडकडच्या शेडमध्ये थ्री फेज असतो. तिथे न्यूट्रल सैल झाला तर एका फेजवर व्होल्टेज ३०० च्याही वर जातं आणि दुसऱ्यावर पडतं. लाईट मध्येच झगझगीत आणि मध्येच मंद होत असतील, तर प्रिंटर ताबडतोब बंद करा आणि आधी न्यूट्रल दुरुस्त करून घ्या. अशा लाईनवर मशीन चालवून बघणं म्हणजे पॉवर सप्लाय, बोर्ड आणि हेड तिन्ही एकदम पणाला लावणं.

फेज ते अर्थ माप खूपच कमी आलं किंवा अस्थिर राहिलं, तर अर्थिंग तुटलंय किंवा नाहीच. माप चक्क शून्य आलं, तर मीटरचं टोक नीट टेकलंय का ते आधी बघा. न्यूट्रल ते अर्थ अगदी शून्य दिसलं म्हणूनही खूष होऊ नका. काही ठिकाणी कोणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेले असतात. मीटरवर हे उत्तम दिसतं, पण मागे न्यूट्रल तुटला की मशीनची अख्खी बॉडी करंट मारते.

आता मातीचं. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुटली की रोध वाढतो. कोळसा-मिठाचा जुना खड्डा असेल तर मार्चपासून त्यात नियमाने पाणी घालत राहा. खड्ड्याच्या झाकणावर रद्दी आणि रिकामे रोल रचून ठेवलेले असतात, तेवढे आधी उचला. पट्टीचा नटबोल्ट गंजून हिरवा किंवा लाल पडला असेल तर पॉलिश पेपरने घासून कसून घट्ट करा. अर्थ टेस्टरने माप घ्यायचं काम मात्र वायरमनचं.

संगणक आणि प्रिंटर एकाच अर्थवर हवेत. संगणक समोरच्या भिंतीवरून आणि प्रिंटर मागच्या भिंतीवरून घेतला, आणि दोन्हींच्या अर्थमध्ये फरक असला, की तो फरक यूएसबी केबलमधून वाहू लागतो. छपाई मध्येच थांबणं, पोर्ट जळणं, हे त्याचे परिणाम. यूएसबी केबल आखूड, दोन्ही टोकांना फेराइट (विजेचा गोंधळ अडवणारं काळं कडं) असलेली घ्या आणि हीटरच्या वायरींपासून दूर ठेवा.

मशीन अजिबात चालू होत नाही

आधी लाल इमर्जन्सी बटण फिरवून वर करा. हसू नका, साफसफाई करताना ते दाबलं जातंच. मग मशीनमागचा फ्यूज. तो उडालेला असला तर त्याच अँपिअरचा नवा लावा. तारेचा तुकडा गुंडाळून मशीन चालू करणं म्हणजे पुढच्या बोर्डाला फ्यूज बनवणं.

त्यानंतर पॉवर सप्लाय. त्याच्या लेबलवर आउटपुट लिहिलेलं असतं: मोटर आणि सेन्सरसाठी अनेकदा २४ व्होल्ट, बऱ्याच हेडसाठी ४२ च्या आसपास. आउटपुटवर काहीच येत नसेल, तर वीज बंद करून आउटपुटच्या वायरी काढा, टेप लावून वेगळ्या ठेवा आणि फक्त पॉवर सप्लाय चालू करा. आता व्होल्टेज आलं, तर पॉवर सप्लाय ठीक आहे, शॉर्ट पुढे कुठेतरी आहे. एकेक वायर जोडत गेलात की कोणती जोडल्यावर व्होल्टेज बसतं ते कळतं, पण प्रत्येक वेळी वीज बंद करूनच जोडा. हेड बोर्डाची (हेड चालवणाऱ्या बोर्डाची) वायर या चाचणीत जोडायचीच नाही.

नवा पॉवर सप्लाय आणाल, महाराणी रोडवर व्होल्टेज आणि अँपिअर सांगून मिळतो, तेव्हा त्याच्या कडेला ११५/२३० चा छोटा सरकता स्विच आहे का बघा. तो ११५ वर राहिला आणि आपली २३० ची लाईन दिली, की एका आवाजात काम संपतं. आउटपुट कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू असतो, त्याला विनाकारण फिरवू नका.

एमसीबी पडतोय की आरसीसीबी?

दोघांचं सांगणं वेगळं. एमसीबी पडतो तो शॉर्ट किंवा जास्त भार असला की. आरसीसीबी पडतो तो करंट अर्थकडे गळू लागला की. माणसाच्या बचावासाठीचा ३० मिलिअँपिअरला पडतो. फ्लेक्स मशीनमध्ये गळतीचा पहिला संशयित हीटर. तिन्ही हीटरच्या वायरी काढून मशीन चालू करा. आरसीसीबी टिकला, तर एकेक हीटर जोडून दोषी सापडतो. मेगर (जास्त व्होल्ट देऊन गळती मोजणारं मीटर) लावायचा तो फक्त सुट्या केलेल्या हीटरला. बोर्डाला मेगर लावला तर चांगला बोर्डही जाईल. आणि आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो बायपास करू नका.

हीटर बंद केला तरी बेड तापत राहतोय? सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बघा. तो खराब होताना बहुतेकदा शॉर्ट होतो, म्हणजे कायमचा चालूच राहतो. फ्लेक्स आणि सॉल्व्हंटच्या शेजारी हे थेट आगीचं कारण आहे, तेव्हा रिले बदलेपर्यंत हीटरची वायर काढून ठेवा.

कॅरेज आदळतं, चित्र सरकतं

मोटरला दोष देण्याआधी एन्कोडर स्ट्रिप पुसा. ती पारदर्शक पट्टी सेन्सरमधून जाते आणि कॅरेज कुठे आहे हे मशीनला सांगते. तिच्यावर शाईचा एक ठिपका पडला तरी मोजणी चुकते. धागे न सुटणारं कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलने जरा ओलं करून हलक्या हाताने पुसा, ओढू नका. मग कडेचा ओरिजिन सेन्सर (कॅरेजची सुरुवातीची जागा ओळखणारा) पुसा आणि त्याचा दिवा पत्र्याची पट्टी आत-बाहेर केल्यावर बदलतो का बघा. हे झाल्यावरच मोटरची केबल आणि ड्रायव्हर (मोटर चालवणारा बोर्ड) तपासा. ड्रायव्हरवर अलार्मचा आकडा दिसत असेल तर बंद करण्याआधी फोटो घ्या, नंतर तो पुसला जातो.

हेडची डेटा केबल

ही ती चपटी पांढरी पट्टी. वीज पूर्ण बंद, हाताला अँटिस्टॅटिक पट्टा, आणि केबल काढण्याआधी मार्करने क्रमांक टाका. टोक उजेडात धरा. चांगल्या केबलच्या पट्ट्या एकसारख्या चमकतात. कडेला मॅजेंटाची पुसट रेघ दिसली किंवा दोन पट्ट्यांमध्ये तपकिरी डाग असला, तर डँपर किंवा हेडच्या तोंडातून शाई झिरपली आहे. हेड चालवणारे व्होल्ट याच केबलमध्ये नाजूक सिग्नलच्या अगदी बाजूने जातात, आणि ओल्या शाईतून ते तिकडे उडी मारतात. अशी केबल पुसून परत लावू नका, नवी लावा. शाई कुठून झिरपली तेही बंद करा आणि हेडचं सॉकेट भिंगाने बघा. तिथे पिन काळी असेल तर हेड जोडू नका.

केबल तिरकी बसली तर दोन पिना एकदम शॉर्ट होतात. म्हणून सरळ आत सरकवा, लॉक दाबा, मग दोन्ही कडा समान दिसतात का बघा. दोन हेडांच्या केबल अदलाबदल करून बघायचा मोह होतो. फ्यूज उडालेला नाही आणि कुठेही करपलेलं दिसत नाही, याची खात्री असेल तरच ते करा. नाहीतर एका हेडचं दुखणं दुसऱ्या बोर्डाला लागतं. बोर्डावरचा छोटा फ्यूज वीज बंद ठेवून कंटिन्युटीवर तपासता येतो. तो उडाला असेल तर बदलण्याआधी तो का उडाला ते शोधावं लागतं. इथे इंजिनिअरला बोलवा. फोनवर "मशीन बंद आहे" एवढंच सांगू नका. तीन मापं, अलार्मचा आकडा, केबलच्या टोकाचा फोटो आणि बिघाडाची वेळ कळवलीत तर तो योग्य सामान घेऊन येईल.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा चालू करताना क्रम पाळा. हेड न जोडता पॉवर सप्लायची सगळी आउटपुट मोजा. मग वीज बंद करून हेड बोर्ड जोडा, चालू करा, पुन्हा मोजा. पुन्हा बंद करा आणि एकच हेड जोडून नोझल चेक घ्या. तो नीट आला की बाकीची हेडं एकेक करून जोडा, मग हीटर चालू करा, आणि रुंद फ्लेक्सचा मोठा जॉब लावण्याआधी उरल्यासुरल्या तुकड्यावर अर्धा-पाऊण तास छापून बघा.