तंबोऱ्याच्या चार ओळी

देवगडजवळच्या आमच्या गावात पावसाळ्यात वीज गेली की ती कधी येईल याचा भरवसा नसे, आणि माझा लॅपटॉप इतका जुना होता की ध्वनिसंपादनाची मोठी सॉफ्टवेअरे उघडतानाच तो धापा टाकू लागे. या अडचणीपोटी मी सीसाउंडकडे वळलो. बॅरी व्हर्को यांनी १९८६ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात घडवलेली ही संगणकभाषा विनामूल्य आहे. तिच्यात संगीत लिहायचे ते साध्या मजकुराच्या फाइलीत, त्यामुळे अख्खी रचना काही किलोबाइटांत मावते.

या फाइलीचे मुख्य भाग दोन. एकात वाद्य कसे घडवायचे ते लिहायचे आणि दुसऱ्यात ते केव्हा वाजवायचे ते. दुसऱ्या भागातील प्रत्येक ओळीत वाद्याचा क्रमांक, सुरुवातीची वेळ आणि स्वराची लांबी हे तीन आकडे याच क्रमाने येतात. पुढचे आकडे आपण ठरवू त्या अर्थाचे.

नवख्याने थेट चाल बांधायला न घेता आधी तंबोरा लिहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हिशेबाच्या सोयीसाठी षड्ज २४० हर्ट्झ धरला, तर मंद्र पंचम १८०, जोडीच्या तारा २४० आणि खर्ज १२०, अशा चार ओळींत काम होते. छेडलेल्या तारेचा ध्वनी देणारी आज्ञा भाषेत तयारच आहे. माझा पहिला तंबोरा मात्र मुका निघाला. आवाजाची कमाल पातळी १ धरावी असे फाइलीच्या आरंभी स्वतः लिहावे लागते, नाहीतर ती ३२,७६८ धरली जाते आणि ०.५ तीव्रतेचा स्वर ऐकूच येत नाही, हे कळेपर्यंत मी संध्याकाळभर स्पीकरच्या वायरी तपासत बसलो होतो. ती ओळ घातल्यावर चारही तारा ०.४ वर ठेवल्या, तर त्यांचे नाद एकमेकांत मिसळून बेरीज १ च्या वर गेली आणि आवाज फाटला; ०.२ वर तो सुधारला. मग याच षड्जावर तंबोऱ्याशी जुळणारा ३०० हर्ट्झचा गांधार लिहिला आणि त्याशेजारी पेटीचा, म्हणजे सप्तकाच्या बारा समान भागांच्या विभागणीतला, सुमारे ३०२.४ चा. पेटीचा गांधार तंबोऱ्याशी का भांडतो, हे त्या दिवशी मला कानाने पटले.

ध्वनिमुद्रणासाठी मी सॉक्स हा प्रोग्राम वापरतो; तोही विनामूल्य आणि आज्ञा टंकून चालणारा. सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट आणि दोन चॅनेल या प्रमाणाने मिनिटाला साधारण १० मेगाबाइट लागतात. शांततेच्या तुकड्यावरून गोंगाटाचा नमुना घेऊन तो संपूर्ण ध्वनिमुद्रणातून वजा करण्याची सोय त्यात आहे. भर श्रावणात कौलांखाली मुद्रित केलेल्या भजनातून पाऊस काढायला मी ती वापरली, तेव्हा पावसाबरोबर झांजेची झणकारही गेली, कारण दोन्ही ध्वनी सर्व वारंवारतांवर पसरलेले असतात. मूळ फाइल वेगळी ठेवली होती, म्हणून निभावले.

आता भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण मी भातकापणीनंतरच करतो. गोंगाटाचा नमुना मिळावा म्हणून पहिली दहा सेकंदे कोणीही हलू नये, असे बुवांना आधी बजावून ठेवतो. बुवा मात्र नेमके त्याच दहा सेकंदांत खाकरतात.