गायरान चारा, पण सगळं एकदम नको

हातकणंगले, शिरोळ, कागलच्या माळांवर चराई बंद केली की पक्षी वाढतात, हा समज अर्धाच खरा. दोन-तीन वर्षं तोंड न लागलेलं कुसळी गवत वाळून आडवं पडतं, खालची जमीन झाकून जाते. धाविक आणि माळटिटवी या जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांना पळायला, अंडी घालायला उघडी जमीन लागते. तणमोर या पक्ष्याचं उलट. पावसाळ्यात तो वीण करतो ती उंच गवतात, आणि २०२१ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. भोवत्या हे शिकारी पक्षीही हिवाळ्यात रात्री उंच गवतातच जमिनीवर बसतात. म्हणजे एकाच माळावर दोन्ही हवं.

गायरानाचे तीन तुकडे करा. हद्द ओढा, बांध, पायवाट अशी धरा. तारेचं कुंपण नको, उडते पक्षी त्यावर आदळतात. पहिला तुकडा पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत बंद, म्हणजे पवना-मारवेल या चाऱ्याच्या गवतांचं बी पडतं. दुसऱ्यात गवत दीड वीत झालं की जनावरं सोडा आणि मूठभर उंच उरलं की काढा. तिसरा आखूडच ठेवा. पुढच्या वर्षी पाळी बदला.

जनावर कोणतं, हेही बघा. म्हैस जिभेनं ओढून खाते, बुडखा शिल्लक राहतो. मेंढरू जमिनीलगत कुरतडतं. म्हणून दुसऱ्या तुकड्यात म्हशी, आखूड ठेवायच्या तुकड्यात मेंढरं.

बिघडतं कुठं? बहुतेकदा बंद तुकड्यावरच ऑगस्टमध्ये कुणीतरी विळा चालवतं. कापणी करायचीच तर दिवाळीनंतर, तीही मधून सुरू करून कडेकडे, म्हणजे दडलेल्या पक्ष्याला बाहेर पडता येतं. कडेनं गोल कापत आत गेलात तर पक्षी मधेच अडकतो.

वाघर, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी, एकाच जागी रोज लावली की लेंड्या-मुताचा थर साचतो, गवत मरतं आणि तिथं गाजरगवत माजतं. दर दोन-तीन रात्रींनी जागा हलवा. त्यापेक्षा मेंढरं शेतातच बसवा, शेतकऱ्याला खत हवंच असतं. आयव्हरमेक्टिनचं जंतनाशक दिलेली जनावरं काही दिवस माळावर आणू नका, औषध शेणात उतरतं आणि शेणकिडे मरतात. धाविकाचं पोट किड्यांवरच चालतं.

मार्च ते जुलै जमिनीवर अंडी दिसली तर त्या जागेला वीस-पंचवीस पावलं सोडून कळप वळवा. दगड रचून खूण करू नका, कावळ्याला आणि कुत्र्याला तीच दिसते. कळपामागची कुत्री तेवढे दिवस बांधूनच ठेवा.