क्लच दाबल्यावर ठोका बदलला, तर इंजिन उघडू नका

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजला लागलो होतो. दुसरं वर्ष चालू होतं. क्लचप्लेटा वीसेक तरी बदलून झाल्या होत्या, त्यामुळे गिअरबॉक्सच्या बाजूचं सगळं आपल्याला कळतं असा माझा समज. त्याच सुमारास गडहिंग्लजकडच्या एका शिक्षकांची डिझेल सेडान आली. स्लोवर उभी केली की खालून जाड ठकठक, रेस दिली की ठोकेही वाढायचे. मी दोन मिनिटं ऐकलं आणि सांगून टाकलं, "सर, कनेक्टिंगचं बेअरिंग गेलंय. इंजिन खोलावं लागेल. सत्तर हजार धरून चला."

सर काही बोलले नाहीत. चावी टेबलावर ठेवली आणि एसटीने गेले.

आमचे मिस्त्री, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, चहा संपवून आले आणि एवढंच विचारलं, "क्लच दाबून बघितलास काय?"

नव्या पोरांसाठी हे लिहितोय म्हणून इथे जरा थांबतो. मॅन्युअल गाडीत खालून आवाज आला की हँडब्रेक ओढायचा, न्यूट्रल करायचं, गाडी स्लोवर ठेवायची आणि क्लच अगदी सावकाश दाबायचा. घाईत दाबला तर काही कळत नाही. दाबल्यावर आवाज पूर्ण गेला, तर तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडचा, म्हणजे क्लचमधून गिअरबॉक्सात जाणाऱ्या दांड्याकडचा. दाबल्यावर सुरू झाला, तर बहुतेक रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लचला ढकलणारं बेअरिंग. काहीच फरक नाही, तर इंजिनाकडे बघा. आणि आवाज जात नाही पण त्याची जात बदलते, ठोका बारीक होतो, मध्येच चुकतो, तेव्हा फ्लायव्हीलचा संशय धरायचा. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, क्रँकला, मागे बोल्टांनी आवळलेली जड चकती; क्लच तिच्यावरच बसतो. क्लच दाबला की त्याचा जोर फ्लायव्हीलवरून क्रँकवर पुढे येतो. ढिलं असलेलं फ्लायव्हील तेवढ्यापुरतं टेकून बसतं. (क्रँकचा पुढेमागे प्ले वाढला असेल तरीही असंच होतं. म्हणून एकाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने क्रँक पुली हलते का बघायचं.)

आमच्या गाडीत क्लच अर्धा खाली गेला आणि ठकठक जवळजवळ बंद पडली. सोडला, परत सुरू. माझे कान तापले.

मग अण्णांनी जे आधी करायला हवं होतं ते केलं. सरांना फोन लावून विचारलं, गाडीत आधी काय काम झालंय? चार महिन्यांपूर्वी दुसरीकडे फ्लायव्हील बदललेलं होतं. कंपनीचं ड्युअल मास महाग, म्हणून आफ्टरमार्केटचं साधं, एकसंध फ्लायव्हील बसवलेलं.

ड्युअल मास म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये ग्रीसमध्ये बसलेल्या वाकड्या लांब स्प्रिंगा. एक चकती क्रँकला, दुसरी क्लचला. डिझेलचे धक्के स्प्रिंगा खातात. जर्मनीच्या लुक कंपनीने 1985 मध्ये हे फ्लायव्हील बाजारात आणलं आणि पुढे डिझेल गाड्यांत ते सर्रास झालं. ते काढून एकसंध बसवलं की धक्के खायला फक्त क्लचप्लेटच्या मधल्या छोट्या स्प्रिंगा उरतात. म्हणून अशा गाडीत न्यूट्रलला गिअरबॉक्समधून बारीक खडखड येते आणि क्लच दाबला की जाते. तो बिघाड नव्हे, त्या फ्लायव्हीलचा स्वभाव आहे. गिऱ्हाइकाला हे बसवण्याआधी सांगायचं असतं, नंतर सांगितलं तर सबब वाटते. पण आमचा आवाज खडखड नव्हता, ठोका होता.

तरी अण्णांनी बेअरिंगची शंका तशीच सोडली नाही. स्कॅनर लावून एकेक इंजेक्टर बंद करून बघितला. बिग एंड बेअरिंग, म्हणजे मी म्हटलेलं कनेक्टिंगचं, गेलेलं असतं, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर बंद करताच ठोका नरमला असता. इथे चारही वेळा तसाच. थोडं ऑइल स्वच्छ डब्यात काढून उन्हात धरलं, धातूच्या कणांची चमकी नाही. मग बॅटरी सोडून स्टार्टर काढला. स्टार्टरच्या भोकातून फ्लायव्हीलचे दात दिसतात. मोठा पेचकस घालून अण्णांनी दातांना हलका ओढा दिला आणि मला म्हणाले, "हात लाव." फ्लायव्हील टिचभर हललं. नुसतं फिरलं नाही, क्रँकवर टक् करून सरकलं.

आता गिअरबॉक्स उतरवायला हरकत नव्हती. उतरवण्याच्या कामाबद्दल मी जास्त लिहीत नाही, ते पाहूनच शिकावं. एकच: जॅक नीट लावा, इनपुट शाफ्टवर गिअरबॉक्स लटकत ठेवू नका.

क्लच काढल्यावर फ्लायव्हीलच्या बोल्टांभोवती तांबूस भुकटी दिसली, बारीक विटकरीसारखी. गंज समजून मी पुसायला निघालो, अण्णांनी हात धरला. दोन लोखंडी भाग आवळलेले असूनही एकमेकांवर घासत असले की ही भुकटी पडते. तीच तर खूण. आठ बोल्टांपैकी सहा इतक्या सहज सुटले की पाना हवाच कशाला असं वाटावं. त्या सहांची टोकं चपटी, चकाकणारी. दोघांची जशीच्या तशी.

अण्णांनी फ्लायव्हील बाजूला ठेवलं आणि त्यातलाच एक बोल्ट नुसता क्रँकच्या भोकात हाताने फिरवला. तळाला टेकल्यावर डोक्याखाली किती उरतो ते व्हर्निअरने मोजलं: 11.5 मिमी. मग फ्लायव्हीलची त्या जागची जाडी मोजली: 11 मिमी. मला कळायला थोडा वेळ लागला. बोल्ट जुन्या ड्युअल मासचे होते, 35 मिमीचे. नव्या फ्लायव्हीलची तिथली जाडी कमी, म्हणून बोल्ट जास्त आत जाऊन तळाला टेकत होते. ठरलेला जोर लागला म्हणून टॉर्क पाना कट् वाजला असणारच. पण तो बोल्ट फ्लायव्हीलला नाही, भोकाच्या तळाला आवळला गेला होता. दोन भोकं थोडी खोल, त्यांनीच चार महिने धरून ठेवलं.

फ्लायव्हीलची भोकं लांबुळकी झाली होती, ते भंगारात गेलं. क्रँकच्या तोंडावर डायल गेज लावलं, ते सरळ निघालं, नशीब. भोकांत जुन्या लॉकिंग लिक्विडचा थर होता, टॅप फिरवून हवेने साफ केला, कारण तो कचराही तळाची खोली खातो. तसंच एकसंध नवं फ्लायव्हील आणि योग्य लांबीचे नवे बोल्ट आणले. हे बोल्ट बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, आवळताना ताणले जातात. नवा बोल्ट त्याच रीतीने मोजून बघितला: डोक्याखाली उरलेली लांबी फ्लायव्हीलच्या जाडीपेक्षा कमी. मग कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कने आवळले, आणि त्यानंतर तिथे दिलेल्या कोनाएवढे आणखी फिरवले, समोरासमोरचे बोल्ट घेत.

ड्युअल मास स्वतःच गेलं असेल तर खुणा वेगळ्या. गाडी बंद करताना खणखणाट, बेलहाऊसिंगमध्ये (क्लचवरच्या कवचात) उडालेलं ग्रीस, मागची चकती हाताने वाजवीपेक्षा जास्त डोलते. किती डोलावी याचं माप प्रत्येक गाडीचं निराळं, अंदाजपंचे चालत नाही. पण नवं बसवण्याआधी इंजेक्टर आणि स्टार्टर तपासा. स्लो थरथरत असेल किंवा स्टार्टर रडतखडत फिरवत असेल, तर त्या स्प्रिंगांना रोज मार बसतो, आणि नवं फ्लायव्हीलही त्याच वाटेने जातं. आफ्टरमार्केटला शिव्या देण्याआधी हे बघा. मी स्वतः दोनदा दिल्यात, एकदा चुकीच्या.

संध्याकाळी गाडी सुरू केली. न्यूट्रलला थोडी खडखड, ठोका नाही. सरांना फोन मलाच करायला लावला.

"सर, इंजिनाला काही झालेलं नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट होते."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग सर म्हणाले, "अरे, मी दुपारीच गाडी विकायची जाहिरात टाकली."

अण्णा शेजारी हात पुसत होते. म्हणाले, "काढा म्हणावं."