मुलांकडून झाडावर कविता लिहून घ्यायचीय? आधी 'पर्यावरण' हा शब्दच बंद करा

पाचवी ते आठवीच्या पोरांना पर्यावरणावर कविता लिहा म्हटलं की काय येतं ते शिकवणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. हिरवी हिरवी झाडे, निळे निळे आकाश, मग झाडे लावा झाडे जगवा आणि शेवटी मानवा जागा हो. चाळीस वह्या आणि कविता एकच. चूक पोरांची नाही, आपण टॉपिकच एवढा मोठा देतो की त्यात बघायला काही उरतच नाही. मी कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात शिकवते, बरीच वर्षं दर शनिवारी हा उद्योग चाललाय, त्यातलं जे जमलं तेवढंच सांगते.

पहिल्या दिवशी फळ्यावर बंदी घातलेले शब्द लिहायचे. पर्यावरण, निसर्ग, प्रदूषण, हिरवेगार, मानव, वाचवा. मग मॅडम आता लिहायचं काय असं कुणीतरी विचारतंच, त्याच क्षणी वर्ग बाहेर काढायचा. वही नाही, पेन नाही. दहा मिनिटं डोळे मिटून नुसतं ऐकायचं, आणि आत आल्यावर ऐकलं ते अक्षरात लिहायचं. किलबिल लिहिलं की वही परत. टिटवी नक्की काय ओरडते, विहिरीवरची मोटर पाणी असताना कशी वाजते आणि पाणी सरल्यावर कशी, कावळा भांडताना वेगळा ओरडतो का, हे लिहायला पोरांना स्वतःची अक्षरं जुळवावी लागतात आणि तिथेच कविता सुरू होते. जून असला तर पावशा ऐकू येतोच. तो 'पेरते व्हा' म्हणतो हे लगेच सांगून टाकू नका, आधी त्यांना विचारा. माझ्या वर्गात एकाला 'पैसे दे ना' ऐकू आलं होतं, अख्खा आठवडा त्याला तेच चिडवत होते.

आता छंद. मुक्तछंद सोपा म्हणून आपण तो आधी देतो आणि तिथेच फसतो, कारण पोरांना धरायला काही लागतं. अभंग द्या. गण नको, मात्रा नको, नुसती अक्षरं बोटांवर मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे पिशव्या हा शब्द तीन अक्षरांचा, यावर भांडण होणार, होऊ द्या. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. शाळेमागच्या नाल्यावर जाऊन आल्यावर आम्ही फळ्यावर मिळून केलेला हा बघा:

बाभळीच्या काट्यावर
पिशव्यांचाच बहर

हे जमलं की मोठा अभंग, सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक:

विहीर आटली
बेडूक निघाला
चिखल वाळला
पाठीवर

शेवटच्या चार अक्षरांत उपदेश घालायचा मोह पोरांना होतो (आणि आपल्याला पण), तिथे फक्त एक दिसणारी गोष्ट ठेवायची. आणि अक्षर कमी पडलं म्हणून उगाच 'हो', 'रे' चिकटवलं तर खोडायला लावायचं, दुसरा शब्द शोधताना पोरं परत एकदा त्या वस्तूकडे बघतात, आपल्याला तेच तर हवं असतं.

गोष्टीसाठी माझं सगळ्यात लाडकं साधन म्हणजे सुगरणीचं पडलेलं घरटं. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला लोंबतात ना, त्यातली अर्धवट विणलेली काही खाली पडलेली सापडतात. झाडावरचं मात्र काढायचं नाही, हे आधीच दम देऊन सांगा. ते अर्धं घरटं हातोहात फिरवायचं आणि विचारायचं, हे पूर्ण का केलं नसेल? पाऊस आला, साप आला, कंटाळा आला, सगळं ऐकून घ्यायचं. मग सांगायचं की आपण नाव सुगरण ठेवलंय खरं पण घर विणतो नर, अर्धं झालं की मादी येऊन बघते, पसंत पडलं तर पुढे विणायचं, नाही तर बिचारा दुसरं विणायला सुरुवात करतो. यानंतर वर्गात जो दंगा होतो त्यातून गोष्टी आपोआप निघतात, कारण नापसंत झालेलं घर, बघायला आलेली पाहुणी हे सगळं त्यांच्या घरात चाललेलंच असतं. अशी खरी माहिती गोष्टीच्या मधे सांगायची, आधी धडा आणि मग गोष्ट असं केलं की मेलंच सगळं.

'मी झाड बोलतोय' हे परीक्षेतलं मनोगत एकदम काढून टाकायची गरज नाही, फक्त एक नियम घाला. झाड हलत नाही, म्हणून त्याच्या सावलीत आणि फांद्यांवर जे घडलं तेवढंच त्याने सांगायचं. रडगाणं बंद, मला तोडू नका बंद. मग चिंचेखाली कोण जेवलं, कुणी चोरून मोबाईल बघितला, मुंग्या कुठून आल्या हे यायला लागतं.

घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी आणायला लावा, पण गोष्ट आण म्हणून कुणी आणत नाही, प्रश्न नेमका द्यायचा. मृगाचं वाहन या वर्षी कोण? पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं, म्हैस, बेडूक किंवा हत्ती असला की पाऊस भरपूर असं मानतात, ते पाऊस पाडतं का हा मुद्दा विज्ञानाच्या तासाला घ्या. आपल्याला एवढंच हवंय की मृग सात-आठ जूनला लागला, वाहन निघालं, आणि पाऊस घेऊन गावात पोचायला त्याला पंधरा दिवस का लागले? माझ्याकडच्या एका गोष्टीत गाढव टोलनाक्यावर अडकलं होतं. कोकणात किंवा घाटात शाळा असेल तर देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, विचारा, तिथलं लाकूड कुणी नेलं होतं आणि मग काय झालं, प्रत्येक आजीकडे एक तरी किस्सा निघतो.

एक जपून करायची गोष्ट. ऊस तुटल्यावर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवतात त्यावर सातवीतल्या एकाने लिहिलं, आगीतून उडणारे किडे पकडायला कोतवाल पक्षी कसे झेपावतात, उंदीर कसे पळतात, राख गरम असताना चालायला कशी मजा येते. इतकं बघून लिहिलेलं मी क्वचित वाचलंय आणि माझ्या तोंडावर आलं होतं की अरे पण पाचट जाळायचं नसतं, कुजवायचं असतं. गप्प बसले. शेत त्याच्याच बापाचं होतं, वर्गात बोलले असते तर पुढच्या शनिवारी त्यानेही हिरवी हिरवी झाडेच लिहिली असती. जमिनीचं काय होतं ते महिनाभराने परिसराच्या तासाला घेतलं, कुणाचं नाव न घेता.

तपासणी थोडक्यात. मार्क नाही, लाल पेन नाही, शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. कविता मोठ्याने वाचून घ्या, गोष्ट मात्र कागद न धरता सांगायला लावा, विसरलं तर पोरं नवीन काहीतरी जोडतात आणि बऱ्याचदा तेच मूळच्यापेक्षा भारी असतं. शहरात शाळा असेल तर विहिरीऐवजी सोसायटीची टाकी, बाभळीऐवजी गेटवरचा गुलमोहर चालेल, तो मूळचा मादागास्करचा, म्हणजे परगावाहून आलेला पाहुणा ही गोष्ट तयारच आहे. वहीत प्रत्येक पानावर तारीख टाकायला लावा आणि ऑक्टोबरात वर्ग परत त्याच बाभळीखाली न्या, जूनचं पान उघडून. आमच्यात आधी घरटी मोजतात, मग पिशव्या.