तीन बाइटांची ओळख

फ्लॅश चिप ओळखणारा माझा पहिला प्रोग्रॅम जेमतेम वीस ओळींचा होता आणि तो चालायला चार दिवस लागले. एसपीआय नॉर फ्लॅशला, म्हणजे मोजक्या तारांवरून एकेक बिट देवाणघेवाण करणाऱ्या, वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या स्मृतिचिपला, हेक्स (सोळा-आधारी अंकपद्धतीतील) ९एफ ही आज्ञा दिली की चिप तीन बाइट परत करते. पहिल्यावरून उत्पादक, दुसऱ्यावरून प्रकार आणि तिसऱ्यावरून क्षमता कळते. विनबाँड कंपनीच्या डब्ल्यू२५क्यू६४ या चिपकडून ईएफ, ४०, १७ अपेक्षित होते. मला तिन्ही वेळा एफएफ मिळे. आज्ञा पाठवणारे आणि उत्तर वाचणारे अशी दोन फंक्शने मी केली होती, आणि प्रत्येक फंक्शन शेवटी चिप सिलेक्टची, म्हणजे चिपला संभाषणासाठी निवडणारी, रेषा वर नेत असे. ती वर गेली की चिपच्या लेखी व्यवहार संपतो. आज्ञा आणि तीन रिकामे बाइट एकाच व्यवहारात पाठवून, परत आलेल्या चारांपैकी पहिला टाकून दिल्यावर ओळख पटली.

चुकीचे उत्तरही काही सांगत असते, हे मला उशिरा उमगले. एकदा ७७, ए०, ०बी असे आले. कागदावर बिट मांडल्यावर दिसले की हे ईएफ, ४०, १७ च आहे, फक्त एक बिट उजवीकडे सरकलेले; क्लॉक, म्हणजे बिटांची गती ठरवणारा ठोका, इतका वेगवान होता की चिपचा बिट पोहोचण्याआधीच मायक्रोकंट्रोलर (माझा प्रोग्रॅम चालवणारा छोटा संगणक) रेषा वाचत होता. म्हणून पहिली चाचणी नेहमी मंद क्लॉकवर घ्यावी.

सी भाषेचे सापळे वेगळेच. बाइट साध्या 'कॅर' (char) या प्रकारात ठेवला आणि कंपायलर त्याला चिन्हांकित मानत असेल, तर ईएफ ऋण होतो आणि तुलना कधीच जुळत नाही; त्याऐवजी यूइंट८_टी (uint8_t) हा चिन्हविरहित प्रकार वापरावा. अनेक बिट एकाच वेळी नेणाऱ्या समांतर नॉर फ्लॅशमध्ये तर ओळखीच्या आज्ञा ठरावीक पत्त्यांवर लिहाव्या लागतात, आणि त्या पत्त्याचा पॉइंटर व्होलाटाइल (volatile, म्हणजे प्रत्येक लेखन खरोखर करायला लावणारा) नसेल तर ते लेखन निरुपयोगी समजून कंपायलर गाळू शकतो.

मात्र तीन बाइट जुळले म्हणजे चिप पूर्णपणे कळली, असे नव्हे. क्षमतेच्या बाइटातील हेक्स १७ म्हणजे २ चा २३ वा घात, अर्थात ८ एमबी, हा नियम सोयीचा असला तरी सार्वत्रिक नाही: ६४ एमबीसाठी मॅक्रोनिक्स ही दुसरी कंपनी १ए देते, तर विनबाँड २०. शिवाय मॅक्रोनिक्सच्या सी२, २०, १७ या एकाच ओळखीमागे एकाहून अधिक मॉडेल आहेत. फ्लॅश चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या फ्लॅशरॉम या प्रोग्रॅमच्या मुक्त स्रोतातील चिपांची यादी चाळली तर हा गोंधळ प्रत्यक्ष दिसतो, आणि नवख्याने ती यादी जरूर चाळावी.

यावरचा उपाय म्हणजे एसएफडीपी, अर्थात चिपमध्येच कोरलेला तिच्या गुणधर्मांचा तक्ता. ५ए ही आज्ञा, तीन बाइटांचा पत्ता आणि एक रिकामा बाइट पाठवला की तक्ता मिळतो. जुन्या चिपांमध्ये मात्र तो नसतो. माझा कोड आता आधी कच्चे बाइट छापतो, मग तक्ता वाचतो, आणि दोन्हींतून निघणारी क्षमता जुळली नाही तर पुसण्याची आज्ञा देत नाही.