किल्लीच्या पोटातली किल्ली: मिनेसोटात पहिला हिवाळा काढणाऱ्यांसाठी

जानेवारीतली एखादी सकाळ, पावणेसातची वेळ, आणि फोनवर अनोळखी नंबर. "दादा, ओळखलं नसेल तुम्ही. गणपतीत भेटलो होतो, प्रसादाच्या रांगेत." एवढं ऐकलं की मी पांघरूण बाजूला सारतो, कारण पुढचं वाक्य मला पाठ झालंय. "गाडी उघडतच नाहीये हो."

यंदाचा मुलगा लातूरचा. ऑगस्टमध्ये मास्टर्सला आला, तिघांनी मिळून एक जुनी टोयोटा घेतली, आणि परीक्षा संपल्यावर दहा-बारा दिवस ती पार्किंग लॉटमध्ये तशीच उभी राहिली. रात्री पारा उणे १८ फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या हिशेबाने उणे २८ सेल्सियस. बॅटरी बसलेली, आणि रिमोटचं बटण दाबून दाबून याचा अंगठा बधिर झालेला. जम्पर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घेऊन आपली गाडी सुरू करायची वायर, आहे का विचारलं, तर म्हणाला, "आहे ना दादा, गाडीतच आहे."

तर नव्याने आलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय, आणि थोडं माझी सकाळची झोप वाचावी म्हणूनही.

आधी गोची नीट समजून घ्या. गावाकडे बॅटरी बसली की चार पोरं जमवायची, सेकंड गिअर टाकायचा, धक्का मारायचा आणि क्लच सोडायचा. इथल्या ऑटोमॅटिक गाडीला धक्का लागू पडत नाही, आणि धक्का मारायलाही कुणीतरी आत बसलेलं हवं. बॅटरी असते बोनेटखाली (इथे त्याला हुड म्हणायचं आणि डिकीला ट्रंक, नाहीतर फोनवरची बाई गोंधळते). हुड उघडायची दांडी आत, ड्रायव्हरच्या पायाशी. दार विजेच्या लॉकने बंद. आणि ती वीज त्या हुडखालच्या बॅटरीत. मोबाइल ॲपवरून उघडू म्हणाल तर तेही नाही. ॲप निरोप पाठवतं, पण निरोप घ्यायला गाडी जागी लागते.

या फेऱ्यातून सुटायची वाट तुमच्या खिशातच असते. रिमोटवाली किल्ली, जिला इथे फॉब म्हणतात, ती उलटीपालटी करून बघा. कडेला किंवा पाठीमागे नखाएवढं खिट्टीसारखं काहीतरी दिसेल. ते सरकवून किंवा दाबून धरा आणि टोकाची कडी ओढा. आतून लोखंडी किल्ली बाहेर येते, अगदी साधी, आपल्या गोदरेजच्या कपाटाच्या किल्लीची लहान बहीण वाटावी अशी. बहुतेक सगळ्या फॉबमध्ये ती असते आणि बहुतेकांना ती माहीत नसते. जुनी गाडी घेताना ती आत आहे ना, हे उघडून पाहा. आधीच्या मालकाने कधीतरी काढून कुठेतरी टाकलेली असते.

आता ही घालायची कुठे? ड्रायव्हरच्या दाराला भोक दिसलं तर प्रश्नच नाही. पण नव्या गाड्यांना भोक दिसणं बरं वाटत नाही म्हणे, म्हणून ते हँडलजवळच्या रंगीत प्लास्टिकच्या टोपीखाली लपवतात. बऱ्याच ह्युंदाई, किया, फोक्सवॅगन गाड्यांत असं आहे. हँडल बाहेर ओढून धरायचं, टोपीच्या खालच्या अंगाला बोटाने चाचपायचं, बारीक खाच लागते. त्यात किल्लीचं टोक घालून टोपी उचकटायची. हे पहिल्यांदा करताना टोपी मोडेल अशी भीती वाटते, हात अडखळतो. म्हणून हा प्रयोग थंडीआधीच करा, ऑक्टोबरच्या उन्हात, चहाचा कप शेजारी ठेवून. उणे वीसमध्ये हातमोजे काढून शिकायची ही गोष्ट नव्हे.

आणि एकदा जमलं म्हणून सोडून देऊ नका. महिन्यातून एकदा तरी दार त्या लोखंडी किल्लीने उघडा. मिनेसोटात रस्त्यावर मीठ टाकतात. न वापरलेलं कुलूप दोन हिवाळ्यांत आतून गंजून बसतं, आणि मग किल्ली असूनही फिरत नाही. ग्राफाइटची पूड किंवा कुलपासाठीचं कोरडं वंगण मिळतं, ते मारा. खोबरेल तेल नको, थंडीत गोठतं. (हसू नका, एकाने घातलं होतं.)

कुलपात बर्फ धरला असेल तर लॉक डी-आयसरची छोटी बाटली चार-पाच डॉलरला मिळते. ती कोटाच्या खिशात किंवा ऑफिसच्या बॅगेत ठेवायची. ती गाडीच्या खणात ठेवणारे महाभाग दर वर्षी भेटतात. नसेल तर किल्लीला हँड सॅनिटायझर चोळून घाला, त्यातल्या अल्कोहोलने बर्फ सुटतो. गरम पाणी मात्र कदापि ओतू नका. ते मिनिटभरात पुन्हा गोठतं, आणि कुलपासकट दारही गच्च होतं. किल्ली फिरली तरी दार हलत नसेल, तर ओढण्याआधी खांद्याने आत दाबा. रबराच्या पट्टीला धरलेला बर्फ कटकन तुटतो. मग ओढा. नुसतं ओढत राहिलात तर हँडल हातात येतं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून माझी फजिती सांगतो. २००८ मध्ये आलो आणि दुसऱ्याच वर्षी डिसेंबरात साडेतीन आठवड्यांसाठी नाशिकला गेलो. गाडी विमानतळाच्या लांबच्या पार्किंगमध्ये. परतलो तेव्हा चोवीस तासांचा प्रवास, सहा बॅगा, कडेवर झोपलेली मुलगी आणि अंगात पुण्याहून घेतलेली जाकिटं. रिमोट गप्प. इंटरनेटवर जो पहिला किल्लीवाला दिसला त्याला फोन केला. जाहिरातीत २९ डॉलर लिहिलं होतं. पाऊण तासाने बिनपाटीच्या व्हॅनमधून एक जण आला, कुलपाकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, ड्रिल करावं लागेल. दोनशे ऐंशी डॉलर घेतले, कुलपाचा भुगा केला. दोन दिवसांनी नवं कुलूप बसवणाऱ्या मेकॅनिकने माझा फॉब हातात घेतला, खिट्टी सरकवली, लोखंडी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि काही बोलला नाही. बायको शेजारीच उभी होती. ती मात्र बोलली, आणि अजून बोलते.

स्वस्त आकडा सांगून बोलावायचं आणि मग ड्रिल काढायचं, हा इथला जुना धंदा आहे. सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशननेही लोकांना त्याबद्दल सावध केलंय. चांगला किल्लीवाला ड्रिल शेवटी काढतो. तो दाराच्या फटीत हवेची छोटी पिशवी घालून फुगवतो आणि लांब सळईने आतली दांडी ओढतो. त्याला एकच गोष्ट आधी सांगायची, की गाडीची बॅटरी बसलीय. नाहीतर तो दहा मिनिटं सळईने आतलं अनलॉकचं बटण दाबत बसतो. ते बटण विजेवर चालतं, दाबून काही होत नाही. दार उघडायचं आतलं हँडल ओढावं लागतं, काही गाड्यांत दोनदा.

खरं तर किल्लीवाल्यापर्यंत जायची वेळच येऊ नये. अडलेल्या गाड्यांना रस्त्यात मदत करणारी एएए नावाची संघटना आहे, तिचं, म्हणजे इथल्या भाषेत ट्रिपल एचं, सदस्यत्व पहिल्या हिवाळ्याआधी घ्या. त्यांचा नंबर १-८००-२२२-४३५७. कॅनडात हेच काम सीएए करते. काहींच्या कार इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स असतोच, कागद काढून बघा. फोनवर "लॉकआउट" आणि "जम्प" हे दोन्ही शब्द आठवणीने बोला. त्या दोन वेगळ्या सेवा आहेत. नुसतं लॉकआउट म्हणालात तर सळईवाला येईल आणि बॅटरीचं काय म्हणून तुमच्याच तोंडाकडे बघेल. लहान मूल किंवा कुत्रं आत अडकलं असेल तर मात्र यातलं काही नाही, सरळ ९११.

हे सगळं करण्याआधी एक खात्री करून घ्या, बसलीय ती गाडीची बॅटरी की फॉबमधली. काचेतून डॅशबोर्डवर बघा. बहुतेक गाड्यांत लॉक केल्यावर एक लाल टिकली लुकलुकत असते. ती लुकलुकतेय म्हणजे गाडी जिवंत आहे, दोष बहुधा फॉबचा. तो मुठीत किंवा काखेत धरून गरम करा, थंडीत त्यातला नाण्याएवढा सेलही मंदावतो. लोखंडी किल्लीने दार उघडून फॉबच स्टार्टच्या बटणाला टेकवला की टोयोटा, ह्युंदाईसारख्या बऱ्याच गाड्या सुरू होतात. सेल बहुधा सीआर २०३२ असतो, औषधांच्या दुकानातसुद्धा मिळतो. लाल टिकली नाही, आतला दिवा नाही, काहीच नाही, तर मग मोठी बॅटरी.

काही गाड्यांची तऱ्हा निराळी. आपल्या लोकांची लाडकी जुनी प्रियस, २००४ ते २०१५ मधली, तिची बारा व्होल्टची बॅटरी मागे डिकीत असते आणि डिकी उघडते विजेवर. घाबरू नका, जम्प द्यायचं टोक पुढे हुडखाली फ्यूजच्या डब्यात, लाल झाकणाखाली दिलेलं असतं. टेस्ला मॉडेल ३ आणि वायला तर लोखंडी किल्ली नाहीच. पुढच्या बंपरवर टो करायच्या कडीसाठी एक गोल झाकण असतं, त्यामागे लाल आणि काळी अशा दोन वायरी. त्यांना बाहेरून बारा व्होल्ट दिले की पुढची डिकी उघडते आणि बॅटरीपर्यंत जाता येतं. आतली बॅटरी चालू असेल तर ही युक्ती चालत नाही, त्यामुळे चोरांनी खूश व्हायचं कारण नाही.

दार उघडलं की निम्मी लढाई झाली. हुड उघडून आधी बॅटरीकडे नुसतं बघा. फुगलेली किंवा तडकलेली असेल, तर आतलं पाणी गोठलंय. भरलेली बॅटरी इथल्या कुठल्याही थंडीत गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली गोठते. गोठलेलीला जम्प दिला तर ती फुटू शकते. हात लावू नका, ट्रिपल एला बोलवा. ठीक दिसत असेल तर लाल केबल आधी आपल्या बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या गाडीच्या प्लसला. काळी चांगल्या गाडीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडायची ती तिथे पडू दे. काढताना बरोबर उलट क्रमाने.

चांगली गाडी आणायची कुठून? शेजारचं दार वाजवा. आपल्याला भीड वाटते, पण इथे हिवाळ्यात "कॅन यू गिव्ह मी अ जम्प" म्हणणं म्हणजे आपल्याकडे वाटीभर विरजण मागण्यासारखं आहे. माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ तर असा कुणी आला की खुलतात. ३० जानेवारी २०१९ ला इथे पारा उणे २८ फॅरनहाइटला गेला होता, पोस्टानेही टपाल वाटणं बंद ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी आमच्या गल्लीत तीन गाड्यांना जम्प दिला, आणि प्रत्येक वेळी हवामानाचं भाषण वेगळं.

लिथियमचा छोटा जम्प स्टार्टर घेतलात तर शेजाऱ्याचीही गरज नाही. फक्त तो घरात ठेवा. गाडीत ठेवलेला स्टार्टर आणि लातूरकराची केबल यात फरक नाही.

गावी जाताना महिनाभर गाडी ठेवणार असाल, तर जाण्याच्या आठवड्यात बॅटरी तपासून घ्या. ऑटोझोनसारख्या दुकानांत फुकट तपासतात. इथे बॅटरी तीन ते पाच वर्षं चालते. वीज आत कमी असणं आणि थंडीत ती बाहेर न निघणं, दोन्ही एकदम आलं की खेळ संपतो: शून्य फॅरनहाइटला चांगल्या बॅटरीचीही ताकद जवळजवळ अर्धी होते. नवी घेतलीत तर जुनी परत द्यायला विसरू नका, कोअर चार्ज म्हणून घेतलेले पैसे परत मिळतात. काही जण जाताना मायनसची वायर काढून ठेवतात. उत्तम उपाय आहे, पण मग दार लोखंडी किल्लीनेच बंद करायचं आणि लोखंडी किल्लीनेच उघडायचं, हे परतीच्या विमानात आठवावं लागतं. आणि गाडी मिनियापोलिसच्या रस्त्यावर लावून जाऊ नका. स्नो इमर्जन्सी, म्हणजे बर्फ हटवायला रस्ते मोकळे करायची वेळ, जाहीर झाली की गाडी सुरू होत नाही वगैरे कुणी ऐकत नाही, उचलून नेतात.

तर लातूरचा तो मुलगा. फोनवरच त्याच्याकडून फॉब उघडवला. "दादा, यात खरंच किल्ली आहे!" हे तो इतक्या मोठ्याने ओरडला की आमच्याकडे बायको जागी झाली. दार उघडलं, केबल मिळाली, रूममेटच्या मित्राची गाडी आली. मी चहा टाकला. वीस मिनिटांनी पुन्हा फोन. या वेळी त्याचा आवाजच येईना, मागे हॉर्न नुसता बोंबलत होता, आणि कुणीतरी खिडकी उघडून काहीतरी म्हणत होतं. लॉक केलेल्या गाडीत दार किल्लीने उघडलं आणि नंतर वीज आली, की गाडीला वाटतं चोर शिरला.

"फॉबवर अनलॉक दाब," मी ओरडलो.

"काय?"

"अनलॉक!"

हॉर्न थांबला. खिडकी बंद झाल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "आता बंद करू का गाडी?"

"अर्धा तास तरी नको," म्हणालो, "नाहीतर परत माझीच झोप."